दाराशी दहा सेकंद

१

गुरुवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास वीजमास्तर ग्रंथालयातून घरी परतले, कुलूप काढून त्यांनी उंबरठा ओलांडला आणि नेहमीच्या सवयीने ते क्षणभर थांबले. दारासमोरच्या भिंतीवरील लाकडी पेटीने आता बोलावयास हवे होते. पेटी बोलली नाही. ती अगदीच मुकी होती असेही नाही. तिच्यातून एक बारीक खरखर उमटली, तीत घड्याळाची टिकटिक होती, कोठला तरी दूरचा घरघराट होता, आणि दहा सेकंदांनी तेही मिटले. मास्तर बाहेर गेले, पुन्हा आत आले. पुन्हा तेच. असे त्यांनी सात वेळा केले. सातव्या खेपेनंतर ते आत आलेच नाहीत. जिन्याच्या वरच्या पायरीवर, पुस्तकांची पिशवी हातात तशीच धरून, बसून राहिले.

शुक्रवारी सकाळी नादमावशींना निरोप गेला.

नादमावशी कोणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या. चौतीस वर्षे त्यांनी रेडिओ केंद्रातील श्रुतिकांसाठी ध्वनी घडवले होते. पिठाची पुरचुंडी मुठीत दाबून बर्फावरची पावले, जुन्या फितींचा चुराडा तुडवून वाळलेले गवत, आणि एका मोडक्या बिजागरीतून अठरा प्रकारची दारे. त्या निवृत्त झाल्या, त्यांचे कान झाले नाहीत. मास्तरांची पत्नी ही त्यांची शाळेपासूनची मैत्रीण. म्हणून त्या घरच्या मुलांच्या त्या मावशी, आणि मुलांचे ऐकून साऱ्या गल्लीच्या.

"कुणीतरी तिला पुसलं, नादमावशी," मास्तर म्हणाले. रात्रभर झोप नव्हती हे त्यांच्या डोळ्यांवर दिसत होते. "ती दुसऱ्यांदा गेली."

पेटीची गोष्ट मावशींना ठाऊक होती. तंत्रशाळेत तीस वर्षे वीज शिकवलेल्या माणसाने, बहात्तराव्या वर्षी, थरथरत्या हाताने तारांना कथिलाचा डाग देत ती तीन महिन्यांत उभी केली होती. रचना तशी साधी. पांढऱ्या घुमटासारखा एक इवलासा डोळा. समोरून अंगाची ऊब सरकली की तो जागा होई. जागा होताच तो एका चिमुकल्या तबकडीला इशारा देई. त्या तबकडीच्या पोटात दहा सेकंदांचा ध्वनी मावे, आणि जुन्या रेडिओतून काढलेल्या कर्ण्यातून तो बाहेर पडे. तीन सेल, चार तारा, आणि एक आवाज.

आवाज मास्तरांच्या पत्नीचा होता. फार वर्षांपूर्वी एका दुपारी मास्तर नवा टेपरेकॉर्डर तपासत बसले होते, आणि तासभर घरातले तिचे बोलणे-गुणगुणणे टिपले जात होते. मुलगा शाळेतून आला, आणि तिचे दाराशी उमटलेले चार शब्द नकळत फितीवर चढले. "आलास का? किती रे उशीर. ये, आत ये. आधी पाणी पी." त्यामागे किल्ल्यांचा जुडगा खिळ्यावर अडकवल्याची किणकिण. तिला जाऊन तीन वर्षे झाली होती, आणि घरात शिरणाऱ्या प्रत्येकाला ती गेले दोन महिने हे चार शब्द पुन्हा ऐकवत होती.

"मूळ फीत?" मावशींनी विचारले.

"पेटीत आवाज उतरवून झाला आणि त्याच दिवशी ती यंत्रात गुंतली. तुकडे झाले."

"आणि प्रत नाही काढलीत. पोरांच्या दोन पिढ्यांना प्रत ठेवा, प्रत ठेवा म्हणून सांगणारे तुम्ही."

"ते आराखड्यांबद्दल सांगत होतो," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "तिची कुठे होती दुसरी प्रत?"

 पेटीसमोर जाऊन मावशींनी चष्मा नीट केला. पेटीच्या दर्शनी अंगावर दोन काळी बटणे शेजारी शेजारी होती. त्यांवर ना अक्षर, ना खूण. एक ऐकण्याचे, एक नवा ध्वनी भरण्याचे. भरण्याचे बटण दाबले, की जुना ध्वनी गेलाच.

आणि भिंतीकडे पाहता पाहता मावशींची नजर थबकली. पेटीच्या वर, रंगात बुजलेली नसलेली, स्क्रूची दोन ताजी भोके मोकळीच होती.

२

"पेटी हलवली होती?"

"मंगळवारी. हलवली म्हणजे, उलटी केली. डोळा तिरपा बसवलाय, तो खिडकीकडे पाहत होता. आता आतल्या दाराकडे पाहतो." मास्तरांचे लक्ष तेथे नव्हते. "त्याचा याच्याशी काय संबंध?"

"अजून माहीत नाही. खिडकी लावा, पंखा बंद करा, आणि तुम्हीही जरा कमी श्वास घ्या."

त्या दारातून आत आल्या. पेटी जागी झाली. मावशी डोळे मिटून, मान किंचित डावीकडे कलवून उभ्या राहिल्या. स्टुडिओत चौतीस वर्षे त्या अशाच उभ्या राहात. दहा सेकंद संपले. त्या बाहेर जाऊन पुन्हा आत आल्या. चार वेळा ऐकून झाल्यावर त्या वेताच्या खुर्चीत बसल्या. खुर्ची करकरली. ही खुर्ची मास्तरांची. संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाकडे ते येथूनच मान वर करून पाहात, आणि बोलण्याचे काम पत्नीकडे सोपवीत.

"शांत खोलीत एवढं बारीक कसं ऐकू येतं यात?" त्यांनी विचारले.

"त्या तबकडीचा कान तसा आहे. आवाज नसला की आपोआप जास्त टवकारतो."

"मग छान झालं. पहिलं, घड्याळ. ते तुमचंच. दुसरं, स्वयंपाकघरातला नळ. थेंब पत्र्यावर पडतोय, मोकळ्या पत्र्यावर, खणखणीत. तिसरं, खालची शिलाईची मशीन. दर पाचव्या-सहाव्या टाक्याला अडखळते. आणि चौथं." त्या थांबल्या. "मास्तर, नुसतं पुसायचं असेल तर बटण किती वेळ दाबावं लागतं?"

"टिचकीभर. नवं भरायला सुरुवात झाली की जुनं संपलं."

"मग ज्याला पुसायचंच आहे, तो दहा सेकंद दाबून का धरेल?"

मास्तर पेटीकडे पाहू लागले.

"तो माणूस या पेटीतच आहे," नादमावशी म्हणाल्या. "पेटीला कान लावून दहाही सेकंद उभा होता. श्वास रोखून. शेवटी एकदा आवंढा गिळलाय. हा काही कुणाचा आवाज पुसणारा माणूस नव्हे. कसली तरी वाट पाहणारा आहे."

३

घराच्या किल्ल्या तीन. एक मास्तरांच्या खिशात. दुसरी त्यांच्या मुलीकडे; ती याच गावात, इस्पितळात परिचारिका. तिसरी तळमजल्यावरील शिंप्याच्या दुकानात खिळ्याला. गुरुवारी मास्तर तीन ते पाच ग्रंथालयात असत, म्हणून स्वयंपाकाच्या काकू चार वाजता ती किल्ली घेऊन वर येत आणि काम आटोपून परत लावून जात.

काकू त्या दिवशी लवकर आल्या आणि हात पुसत समोर उभ्या राहिल्या.

"मला ती पेटी आवडत नव्हती. खोटं कशाला बोलू. मी आत शिरले की म्हणायची, आलास का. मी म्हणायचे, आले हो बाई, पण 'आलास' नाही, 'आले'. दोन महिने सांगतेय, ऐकते कुठे." मग त्यांचा आवाज खाली आला. "पण उशीर झाला म्हणायची ना, तेव्हापासून मी पाच मिनिटं आधी यायला लागले."

"काल ती बोलली?"

"नाही. नुसतीच खरखरली. वाटलं, सेल संपले. बरं वाटलं आधी. भाजी चिरताना मात्र नाही बरं वाटलं."

मावशी स्वयंपाकघरात गेल्या. नळ गळत होता, पण आवाज नव्हता. खाली ओले फडके पसरलेले होते.

"हे फडकं कुणाचं?"

"माझंच. टपटप डोक्यात जाते माझ्या. काम झालं की जाताना अंथरते. मास्तर सकाळी उचलून वाळत टाकतात. आज नाही उचललं, बिचाऱ्यांना सुचलंच नसेल."

मावशींनी मान हलवली. मोकळ्या पत्र्यावरचा तो खणखणीत थेंब गुरुवारच्या सकाळनंतरचा आणि काकू जाण्याआधीचा होता. काकू आल्या तेव्हा पेटी आधीच खरखरत होती, आणि तीनपर्यंत मास्तर घरात होते. म्हणजे तीन ते चार. एवढा एक तास, आणि त्यात कोणीतरी.

शिंपीकाका दुकानात पायमशीनवर वाकले होते. मावशी दारात उभ्या राहिल्या आणि आधी मशीनच बोलली: पाच टाके सरळ, सहाव्याला ठेच.

"काल तीन ते चार कुठे होतात, काका?"

"इथंच, मागच्या खोलीत. तीन ते चार मी मशीनला हात लावत नाही. डुलकी. वीस वर्षांचा शिरस्ता आहे, कुणालाही विचारा."

"किल्ली?"

"खिळ्याला. काकू चारला घेऊन गेल्या, पावणेपाचला आणून लावली."

"आणि मंगळवारी पेटी उलटी केली तेव्हा?"

"स्टूल मीच धरलं होतं. मास्तर वरून सांगत होते, आता ऐकायचं बटण उजवीकडे गेलं, लक्षात ठेवा. मी म्हटलं, मी लक्षात ठेवून काय करू, मला काय त्या पेटीला काज करायचं आहे?" ते हसले. हसता हसता सुईच्या नाकात दोरा घालू लागले. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा चुकला. चाळीस वर्षे ज्या हाताने झाकल्या डोळ्यांनी दोरा ओवला, तो हात तिसऱ्यांदाही चुकला.

मावशी वळल्या. पहिल्या पायरीवर त्यांचा पाय पडला तेव्हा मागून मशीन पुन्हा चालू झाली. पाच टाके, आणि ठेच. पेटीतल्या दहा सेकंदांत हीच मशीन चालत होती. ज्या तासात शिंपीकाका डुलकी काढतात, नेमक्या त्याच तासात.

४

मुलगी दुपारी इस्पितळातून सरळ आली. अंगावर गणवेश, चेहऱ्यावर उभ्याने केलेली सहा तासांची नोकरी.

"मला यादीत घातलंय ना, मावशी?"

"सगळ्यात वर."

"घालाच. मीच म्हणत होते, आईला असं डब्यात ठेवू नका." ती बसली. "मंगळवारी मी आले होते. बाबा आत होते, मी इथे वर्तमानपत्र वाचत होते. दारात कुणी नाही. उन्हानं तापलेला पडदा वाऱ्यानं हलला, आणि आई त्या पडद्याला म्हणाली, आलास का. मावशी, मी खरंच उठून उभी राहिले. कोण आलं ते बघायला. आणि मग मला राहवेना. मी म्हटलं, बाबा, काढून टाका हे. त्यांनी काढलं नाही. उलटं केलं."

"उलटं केल्यावर बटणांची बाजू बदलली, हे तुला माहीत होतं?"

"बाबांनी दोनदा बजावलं. बजावणारच. केवढं मोठं पाप झालं होतं त्यांच्या हातून." ती पहिल्यांदाच हसली. "आमच्या घरात यंत्राला नाव लिहीत नाहीत, मावशी. लिहायची गरजच नाही. बाबांनी बनवलेलं काहीही घ्या, कायदा एकच. डावं ऐकायचं, उजवं बोलायचं. दाबून धरशील तोवर ऐकशील. पाढ्यांच्या आधी आम्हाला हे पाठ होतं. अंधारात कुठलंही खोकं हातात दिलं तरी आमचं डावं बोट आपसूक जायचं. दादा तर डोळे बांधून..."

ती थांबली. तिने वर्तमानपत्राची घडी नीट केली, मग आणखी नीट केली.

"कोण?" मावशींनी विचारले, जणू त्यांना ठाऊकच नव्हते.

"कुणी नाही. बाबांसमोर आम्ही ते नाव घेत नाही."

५

नादमावशींना ते सारे ठाऊक होते. तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी त्या याच खोलीत बसलेल्या होत्या.

मुलगा दूर देशी नोकरीला. आईचा आजार अखेरचा आहे हे त्याला कळले तेव्हा उशीर झाला होता, आणि विमानांच्या घोळात आणखी झाला. तिला जाऊन दोन दिवस झाल्यावर तो दाराशी पोहोचला. आतून बोलणारी आता कोणी नव्हती. मास्तर वेताच्या खुर्चीत होते. त्यांनी मान वर केली आणि तीन शब्द बोलले.

"आता कशाला आलास?"

मुलाने बॅग खाली ठेवलीही नाही. तिचा पट्टा दाराच्या चौकटीला घासल्याचा आवाज आला, आणि मग जिन्यावरची पावले. मावशींनी ती मोजली होती. सवय जात नाही. अकरा. खालच्या पायरीवर ती थोडी रेंगाळली, मग रस्त्याच्या आवाजात मिसळली. हे वाक्य आपल्याच तोंडून कसे निघाले, हे कोडे मास्तरांनी त्यानंतर कोणाजवळ बोलून दाखवले नाही. पण संध्याकाळी जिन्यावर कोणाचेही पाऊल वाजले की त्यांच्या खुर्चीची करकर क्षणभर थांबे, हे मावशी तीन वर्षे ऐकत आल्या होत्या.

त्या पुन्हा खाली उतरल्या. शिंपीकाकांनी त्यांना पाहिले आणि मशीन थांबवली.

"काका, तुमची मशीन दर सहाव्या टाक्याला अडखळते."

"पट्टा सैल झालाय. बदलायचाय."

"बदलू नका इतक्यात. कालच्या डुलकीत ती पेटीला ऐकू आली."

शिंपीकाका बराच वेळ टेबलावरचे खडूचे तुकडे एका रांगेत लावत राहिले.

"मी शब्द दिलाय, मावशी."

"मग मोडू नका. नाव मी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. मी सांगते, चुकलं तर कात्री वाजवा. काल तीननंतर एक जण आला. किल्ली तुम्ही आपण होऊन दिलीत."

कात्री वाजली नाही.

"मास्तर घरी नाहीत हे तुम्हीच त्याला सांगितलंत. त्याला फक्त आत जाऊन यायचं होतं."

कात्री जागची हलली नाही. शिंपीकाकांनी ती हळूच दूर सारली आणि तोंडाला हात लावला.

"चौथी खेप होती त्याची," ते म्हणाले. "सोमवारपासून गावात आहे, स्टेशनजवळच्या लॉजवर. रोज येतो, या बाकावर बसतो, विचारतो, बाबा कसे आहेत, चष्मा बदलला का, अजून त्याच खुर्चीत बसतात का. वर जा म्हटलं की उठून जातो. काल म्हणाला, काका, ते नसताना एकदा आईची खोली बघून येतो. मी किल्ली दिली. वरच्या पावलांचा आवाज कुणाला जाऊ नये म्हणून मशीन चालू ठेवली; खरं तर माझेच हात स्वस्थ बसेनात. पाच मिनिटांत खाली आला. तोंड असं, जसं कापड पाण्यातून काढावं. म्हणाला, काका, आई दारात बोलली माझ्याशी. पुन्हा ऐकावं म्हणून मी बटण दाबलं. आणि माझ्या हातून आई पुसली गेली."

मावशी बाकावर बसल्या. समोरच्या खिळ्यावर ती किल्ली लोंबत होती.

"गाडी कधी आहे त्याची?"

"येत्या सोमवारी सकाळी. म्हणाला, आता तर तोंड दाखवायचा प्रश्नच संपला."

६

शनिवारी सकाळी मास्तरांनी नादमावशींपुढे चहा ठेवला आणि स्वतःचा कप हातातच धरून ठेवला.

"कळलं?"

"कळलं. पण मी सांगते तसं, शेवटपर्यंत ऐकायचं. मध्ये उठायचं नाही."

मास्तर बसले.

"काम तीन ते चारच्या दरम्यान झालं, तो नळ सांगतो, काकूही सांगतात. किल्ली शिंपीकाकांची, त्यांची मशीन सांगते की ते जागे होते आणि मुद्दाम खोटं बोलले. पण बटण त्यांनी दाबलेलं नाही. मंगळवारी स्टूल त्यांनी धरलं होतं, बाजू बदलल्याचं त्यांना ठाऊक होतं. तुमच्या मुलीला तुम्ही दोनदा बजावलंत. काकू त्या पेटीला घाबरतात, हात लावणार नाहीत. मग ज्याला ऐकायचंय आणि जो डावं बटण दाबतो, तेही खात्रीनं, दहा सेकंद न सोडता, तो कोण? अनोळखी माणूस दोन बटणं बघून घुटमळेल. एक टिचकी मारून पाहील, आवाज आला नाही तर दुसरं चाचपेल. या माणसाला शंकाच आली नाही. दाबून धरशील तोवर ऐकशील. हा कायदा जगात एकाच घरात चालतो, मास्तर. आणि तो पाठ असणारं, पण मंगळवारचा बदल ठाऊक नसलेलं माणूस एकच उरतं."

मास्तरांची नजर पेटीच्या डाव्या बटणावर गेली.

"पेटी पुसली ती त्यानं नाही," मावशी म्हणाल्या. "तुमच्या शिकवणीवर विश्वास ठेवला, एवढाच त्याचा गुन्हा. पेटी उलटी केलीत तुम्ही."

 मास्तरांनी कप खाली ठेवला आणि विचारले ते अगदी वेगळेच.

"आला होता?"

"चार वेळा. तीनदा खालच्या बाकावरूनच परत गेला."

मास्तर उठले. दाराबाहेर जाऊन आत आले. पेटी जागी झाली. घड्याळ, थेंब, मशीन. आणि त्या सगळ्यांच्या अलीकडे, अगदी कानाशी, दबलेला श्वास. परवापासून ज्या आवाजाला ते रिकामा म्हणत होते तो त्यांनी मान खाली घालून ऐकला. शेवटचा आवंढा आला. मास्तरांनी भिंतीला हात टेकला.

"लहानपणीही असाच करायचा," ते म्हणाले. "ऐकायचं असलं की श्वास घ्यायचा विसरायचा. मी ओरडायचो."

"आता माझा एक प्रश्न," मावशी म्हणाल्या. "हा तपासात नव्हता, पण पहिल्या दिवसापासून मनात आहे. त्या फितीवर तिचं तासभर बोलणं होतं. गाणं गुणगुणलेलं होतं, तुम्हाला हाक मारलेली होती. तुम्ही एकटे राहणारे. रोज ऐकायचं तर तुम्हाला मारलेली हाक भरायची. त्याला म्हटलेलंच वाक्य का निवडलंत, आणि तेही उंबरठ्यावर?"

मास्तर खिडकीपाशी गेले. पडदा त्यांनी एका बाजूला सारला, पुन्हा सोडला.

"तो कधीतरी येईल असं वाटायचं," ते म्हणाले. "आणि आला, तर दार मी उघडणार. माझ्या तोंडाचा मला भरवसा नव्हता, नादमावशी. एकदा काय बोललो ते तुम्ही ऐकलंत. म्हटलं, माझ्या आधी ती बोलू दे. दहा सेकंद ती बोलली, की मला गप्प बसणं जमलं असतं."

"पेटीनं काम चोख केलं म्हणायचं. ज्याच्यासाठी केली होती त्यालाच तिनं आत बोलावलं."

"आणि आता?" मास्तरांचा आवाज लहान झाला. "आता तो आला तर काय बोलेल ती?"

 नादमावशींनी पिशवी उचलली, आणि खाली उतरून शिंपीकाकांकडून स्टेशनजवळच्या लॉजचा पत्ता घेतला.

७

रविवारी अकराला नादमावशी स्वयंपाकघरात होत्या. येथे थांबा, असे मास्तरांनीच विनवले होते. बाहेर मात्र येऊ नका, असेही.

दार सताड उघडे होते. खाली मशीन चालू होती, पाच टाके आणि ठेच. मग जिन्यावर पावले वाजली. मावशींनी ओट्याला धरून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. सातव्या पायरीवर ती थांबली. एवढा वेळ थांबली, की मावशींना वाटले, आता ती उतरू लागतील. आठ. नऊ. दहा.

अकरा.

पेटी जागी झाली. टिकटिक, थेंब, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाचाच तो गुरुवारचा श्वास. पेटीतली मशीन चालत होती. खालची खरी मशीन मात्र थांबली. शिंपीकाकाही ऐकत असावेत. आवंढा. मग सारे मिटले.

आयुष्यभर मावशींनी शांतता घडवली होती. कोणत्याही प्रसंगात तिला तीन सेकंदांच्या पुढे जाऊ द्यायचे नाही, श्रोता उठून जातो, हे त्या नव्या मुलांना शिकवीत. ही शांतता पाच सेकंदांच्या पुढे गेली. सातांच्या पुढे गेली.

मग वेताची खुर्ची करकरली. घरी येणाऱ्या कोणासाठी मास्तर त्या खुर्चीतून उठल्याचे मावशींनी आजवर ऐकलेले नव्हते.

"बाबा, मी..."

"थांब. आधी मला बोलू दे." मास्तरांनी घसा साफ केला. "आलास का?" त्यांची पावले दाराकडे सरकली. "किती रे उशीर. ये. आत ये. आधी..."

ते अडले. दोन महिने रोज ऐकलेले, सात वेळा जाऊन-येऊन शोधलेले ते वाक्य त्यांना पुढे आठवेना. "आधी," ते पुन्हा म्हणाले. "आधी काय बरं..."

"आधी पाणी पी," मुलगा म्हणाला.

 बॅग जमिनीवर टेकल्याचा आवाज आला, आणि मागोमाग दाराशी चपला काढल्याचा.

नादमावशींनी नळाखालचे फडके बाजूला केले आणि दोन पेले भरायला घेतले.